हळदकुंकवाच्या सोळा पट्ट्या

मला कामावर घेताना सरांनी माझं शिक्षण विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सातवी म्हणाले असते, आणि तीसुद्धा सहामाहीपर्यंतच. त्यांनी तांब्याच्या दोन लांब पट्ट्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, मगभर पाणी दोन्हींवर ओतलं आणि म्हणाले, "काय दिसतं?"

"हिच्यावर पाणी पसरलंय. तिच्यावर फुटलंय."

"मग?"

"फुटलंय ती नीट घासली नाही. तेलकट आहे अजून."

"कुणी शिकवलं तुला हे?"

काय सांगणार? आमच्याकडे, हिंगोलीच्या बाजूला, शाळेतून काढल्यावर मी आत्याबरोबर लोकांच्या लग्नाकार्यातली भांडी घासायला जायची. पातेलं घासून झालं की आत्या त्याच्यावर पाणी ओतायची. पाणी एका चादरीसारखं उतरलं तर पातेलं पालथं घालायचं. मणी मणी होऊन फुटलं तर परत माझ्या पुढ्यात. बोलायची नाही, फक्त पायाने सरकवायची. एवढंच माझं शिक्षण, आणि इतक्या लांब येऊन, नवऱ्याच्या टेंपोच्या नोकरीमागे कर्जतला आल्यावर, ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच त्या वर्षी मी त्यांच्याशी जे वागले ते अजून घशाखाली उतरत नाही.

पळसदरी ओलांडून खालापूरकडे जाताना रस्त्याच्या आत एक पत्र्याची शेड आहे. छपरावर पाणी तापवायचे सोलर असतात ना, त्यांच्या काचेखाली काळ्या पट्ट्या दिसतात, त्या आम्ही काळ्या करतो. लोकांना वाटतं रंग मारतात. रंग नाही तो. तांब्याची पट्टी आधी गरम सोड्यात बुडवायची, म्हणजे तेल जातं. मग पातळ ॲसिडात, म्हणजे कळकटपणा जातो. मग निकेलच्या टाकीत, करंट लावून. आणि शेवटी क्रोमच्या टाकीत, तिथे पुन्हा करंट, आणि बघता बघता चंदेरी पट्टीवर काळं चढतं. निळसर झाक असलेलं काळं, कावळ्याच्या मानेसारखं. त्या टाकीतलं पाणी फार वाईट. हातमोजे, ॲप्रन, तोंडाला मास्क असल्याशिवाय सर कुणाला जवळ उभं करत नाहीत. त्याचे कॅन रसायनीच्या कारखान्यांतून येतात, त्यावर कवटीचं चित्र असतं. पहिले काही महिने मी त्या चित्राकडे पाठ करून जेवायची.

सर कर्जतच्या जुन्या घरातले, हायस्कुलात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. शिकवायची खोड काही गेली नव्हती. एकदा त्यांनी दोन पट्ट्या आणल्या, एक आमच्या थराची, दुसरी बाजारच्या काळ्या रंगाने रंगवलेली. दोन्ही उकळत्या पाण्यात ठेवून बाहेर काढल्या, उभ्या धरल्या आणि मला म्हणाले, "गाल जवळ ने. लावू नकोस, नुसता जवळ ने."

रंगाच्या पट्टीजवळ चुलीपुढे बसल्यासारखी धग लागली. आमच्या पट्टीजवळ काही नाही. मला वाटलं ही निवली.

"हात लाव आता."

दोन्ही सारख्याच गरम. मी बोट मागे घेतलं.

"ऊन दोघी सारखंच घेतात," सर म्हणाले. "पण रंग घेतलेली ऊब गावभर वाटत सुटतो. आपला थर घेतो आणि गप्प बसतो. मग ती ऊब पाण्याशिवाय जाणार कुठे?"

शेडमध्ये आम्ही तिघंच. तिसरी मावशी. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतून चालत यायची, पट्ट्या धुवायची, टांगायची. माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ मोठी. पाणी फुटतंय का बघायला मी डोळे बारीक करून पट्टीपुढे उभी राहिले की ती हमखास म्हणायची, "बघ, बघ. तुमच्याकडं पाणी नाय ना, म्हून तुला पान्याचं एवढं कवतिक."

"आमच्याकडं पाणी कमी, पण माणसं कामसू."

"व्हय गं. म्हूनच इकडं आलीस."

तिची नात कडावच्या पुढे मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. वाडीत शाळा चौथीपर्यंतच. मावशी शनिवारी तिला भेटायला जायची आणि सोमवारी आम्हाला तिचे मार्क सांगायची, गणितातले सोडून.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याच वसतिगृहाचं काम आमच्याकडे आलं. पाच पॅनल, पोरींच्या सकाळच्या अंघोळीसाठी. तीन पॅनलच्या पट्ट्या दसऱ्याआधी झाल्या. उरलेल्या दोनांच्या सोळा पट्ट्या मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोड्यातून काढून, धुऊन, रॅकवर टांगल्या. दुसऱ्या दिवशी पूजा, त्याच्या दुसऱ्या दिवशी थर, आणि त्यानंतर दोन दिवसांनी पॅनल बसवणाऱ्यांचा टेंपो.

दसऱ्याला सर सकाळीच आले. दुसऱ्या दिवशी पनवेलला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. समोरचं माणूससुद्धा त्यांना धूसर दिसायचं. झेंडूची माळ माझ्या हातात देत म्हणाले, "यंदा पूजा तू कर. पट्ट्या तुझ्या हातून उतरतात."

मला असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. घरी असताना लग्नाची भांडी मी घासायची, पण ती रुखवतात मांडताना त्यांना कुंकू दुसऱ्याच बाया लावायच्या. मी टाक्यांना लावलं, करंटच्या मशीनला लावलं, मावशीच्या बादलीला लावलं. कुंकू धातूवर टिकत नाही म्हणून आमच्याकडे बोटाला खोबरेल लावून मग ते टेकवतात, तसंच केलं. मग माझं लक्ष रॅककडे गेलं. सोळा पट्ट्या, लख्ख, गुलाबी. मी शाळा सोडली त्या वयाच्या पोरी या पट्ट्यांनी तापलेल्या पाण्याने अंघोळ करून वर्गात जाऊन बसणार होत्या. मी हातमोजे काढलेलेच होते. प्रत्येक पट्टीला वर एक बोट हळद, एक बोट कुंकू लावलं आणि हात जोडले. सरांना ते दिसलं नाही. मावशी म्हणाली, "आज लगीनच लावतंस का पट्ट्यांचं?" आणि हसली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सर दवाखान्यात. जाताना फोनवर म्हणाले, "तू आहेस म्हणून काळजी नाही."

मी पहिली पट्टी पुन्हा सोड्यात सोडली. तेलाचं बोट लागलंय म्हटल्यावर ते करायचंच, हे मला समजत होतं. पट्टी बुडली आणि हळदीचा ठिपका लालभडक झाला. त्याचा लाल ओघळ पाण्यात उतरत गेला. साबणाने हळदीचा डाग लाल होतो हे कोणत्या बाईला माहीत नसतं? मीच किती चादरी धुतल्या असतील. पण त्या घडीला घड्याळात अकरा वाजत आले होते, अकराला सरांच्या डोळ्याला हत्यार लागणार होतं, आणि पूजेची हळद माझ्या हाताने मी रक्तासारखी करून सोड्यात ओतत होते. मी घाईने पट्टी बाहेर काढली. बाकीच्या पंधरा मी सोड्यात घातल्याच नाहीत. ओल्या फडक्याने कुंकू टिपलं, फडकं कपाळाला लावलं आणि पट्ट्या तशाच ॲसिडात घेतल्या. ॲसिडाने तांबं उजळतं, तेल जात नाही. पाणी ओतून बघायचंही टाळलं. बघितलं असतं तर फुटलेलं दिसलं असतं.

निकेल बरं दिसलं. क्रोमच्या टाकीतून काढल्यावर प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला दोन डाग होते, तपकिरी, बोटाएवढे. दोन-तीन ठिकाणी तर माझ्या बोटाच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या. पहिल्या पट्टीवरही होते, कारण तीही मी अर्धवट काढली होती. मी नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला.

सगळा थर उतरवून पहिल्यापासून करायला वेळ नव्हता. तो निर्णय सरांचा, आणि सर डोळा झाकून पडलेले. मी जेवणाच्या सुट्टीत कर्जतला गेले आणि हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या मॅट रंगाचा स्प्रेचा डबा आणला. डागापुरताच मारायचा होता. मारला. डाग झाकला, पण आता तिथे एक मेलेलं काळं दिसायला लागलं, आणि भोवती आमचं निळसर. आधीपेक्षा उठून दिसत होतं. म्हणून कडा मिसळायला थोडा पुढे मारला. मग आणखी थोडा. अर्धी पट्टी झाल्यावर उरलेली अर्धी ठेवून उपयोग नव्हता. एक पट्टी पूर्ण रंगवल्यावर शेजारची वेगळी दिसायला लागली. असं करत करत दुसरा डबा आणावा लागला. संध्याकाळपर्यंत सोळाच्या सोळा काळ्याकुट्ट झाल्या. मी गाल जवळ नेऊन पाहिलं नाही.

मावशी धुणं सोडून माझ्यामागे येऊन उभी राहिली. "अगं, यो रंग कशाला? आपन रंग नाय ना मारत?"

"सरांनी सांगितलंय," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि वाळलेल्या पट्ट्या उचलायला लागली.

सर आठवड्याने काळा चष्मा लावून आले. तोवर पॅनल काचेखाली बंद होऊन गेले होते. सरांच्या हौसेखातर बसवणाऱ्यांनी फोटो पाठवले होते. सरांनी फोन डोळ्याजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाले, "किती सुरेख काळा आलाय गं. मला वाटायचं आपला थर जरा करडा येतो. दोष माझ्या डोळ्याचा होता तर."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी चहा ठेवायला गेले.

थंडी सुरू झाली. कर्जतची थंडी म्हणजे आमच्याकडच्या मानाने काहीच नाही, पण डोंगराच्या कुशीत पहाटे बोटं वळत नाहीत. एका सोमवारी मावशीने नातीचे मार्क सांगितले नाहीत. पट्ट्या धुता धुता म्हणाली, "पोरगी म्हनते, पाणी कोंबटच येतं. पयल्या चार-पाच पोरींना मिळतं, बाकीच्यांना नळाचं. आनि दोन काचांवर धुकं बसलंय."

"धुकं? दव असेल."

"दुपारी कशाचं दव गं?"

त्यानंतर वसतिगृहाच्या बाईंचा सरांना फोन आला. सर म्हणाले, काचेवर धूळ असेल, पुसून बघा. पुसून बघितलं. सर म्हणाले, नीट घासून बघा. मी शेजारीच उभी होते. मला माहीत होतं, ते धुकं घासून जाणारं नव्हतं. स्प्रेचा रंग उन्हात तापून सुटत होता आणि आतून काचेला बसत होता. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "सर, निकेलचं पाणी बदलायचं का?"

पुढच्या सोमवारी मावशीने सांगितलं की काचा घासायचं काम नातीच्या गळ्यात पडलंय. पोरी तिला म्हणतात, तुझ्या आजीचा सोलर, तूच घास. रोज शाळा सुटली की ती शिडी लावून छपरावर चढते.

"आमचं काम खोटं नसतं, असं मीच सांगतलंवतं तिला," मावशी म्हणाली. "आता ती माझ्याशी बोलंना."

मावशीच्या हातात पट्टी होती. ती पट्टीवर पाणी ओतत होती आणि पाणी सरळ उतरत होतं. मला अन्न गोड लागेना. नोकरी गेली तर नवऱ्याला काय सांगायचं, दुसरीकडे मला कोण घेणार, सातवी नापाससुद्धा नाही मी, तिथवर पोचलेच नाही. दुसरीकडे ती पोरगी शिडीवर. रोज ठरवायची, आज सांगते. रोज सरांचा स्वच्छ झालेला डोळा माझ्याकडे वळला की मी टाकीकडे वळायची.

शेवटी सरच म्हणाले, "चला, जाऊन बघू या." आम्ही तिघं भाड्याच्या टेंपोत बसून निघालो. कडावच्या पुढे भाताची रिकामी शेतं, कडेला पेंढ्याच्या उडव्या. सर वाटेवरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, चष्म्याशिवाय वाचता येतात याचा त्यांना तेव्हा फार आनंद होता. मावशीने नातीसाठी उकडलेले कंद फडक्यात बांधून घेतले होते. हत्यारांची पिशवी माझ्या मांडीवर होती.

छपरावर ती पोरगी होतीच. गुडघ्यावर बसून राखेने काच घासत होती. बोटांची टोकं पांढरी पडलेली. आम्हाला बघून उठली नाही.

"काकी," ती मला म्हणाली, "मी रोज घासते. जातच नाय."

आत्याने पायाने सरकवलेलं पातेलं आठवलं. माझ्या पातेल्यावर निदान माझ्या हाताने निघणारं तेल तरी होतं.

सर काचेशी वाकले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मी तो दिला नाही. तो हातातच धरून मी म्हणाले, "सर, उघडू नका. मी सांगते."

आणि सांगितलं. हळदीपासून. तिथेच, मावशी आणि तिच्या नातीसमोर, कारण नंतर एकट्या सरांना सांगितलं असतं तर अर्धंच सांगितलं असतं हे मला माहीत होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्या हातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तरीही काच उघडली. रंगाचा वास आला. काचेच्या आतल्या बाजूने त्यांनी बोट फिरवलं, बोटाला चिकट साय लागली. मग त्यांनी पट्टीजवळ गाल नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"पहिला डाग केवढा होता?"

मी बोटाचं टोक दाखवलं.

"प्रत्येक पट्टीवर तसे दोन?"

"हो."

"तसेच राहू दिले असतेस तर पाण्याला कळलंसुद्धा नसतं." ते तसं रागाने म्हणाले नाहीत. वर्गात गणित सुटल्यावर म्हणावं तसं म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. "मला फोन का नाही केलास?"

"तुमचा डोळा..."

"डोळा झाकला होता. कान नव्हते झाकले."

पोरगी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती. "म्हंजे मी उगाच घासत होते?" तिने आजीला विचारलं. मावशीने तिच्या हातातलं राखेचं फडकं काढून घेतलं आणि कंद दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला तू सांगतलंस, सरांनी सांगितलंय." बस, एवढंच. परतीच्या वाटेवर ती ड्रायव्हरशेजारी पुढे बसली.

सोळा पट्ट्या परत आणल्या. रंग काढला, खालचा चांगला थरही त्याबरोबर गेला, तांब्यापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी मी पट्टी सोड्यात सोडायची, सर शेजारी स्टूल टाकून बसायचे. पाणी ओतायचं काम त्यांनी मावशीला दिलं. मी घासलेल्या पट्टीवर मावशी पाणी ओतणार, तिने हो म्हटलं तरच पट्टी पुढे. संक्रांतीच्या आत पॅनल बसले. पोरींना गरम पाणी मिळालं. बाईंनी सरांना तसा फोन केला. मी ते शेजारी उभी राहून ऐकलं आणि बाहेर जाऊन रडले.

सरांनी मला काढलं नाही. मी एकदा विचारलं, का नाही काढलं. ते म्हणाले, "आता तुझ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला येतं?" हे कौतुक होतं की काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हापासून माझ्या हातची प्रत्येक पट्टी ते उन्हात नेऊन बघतात. पूर्वी बघत नव्हते. ते बरोबरच आहे, मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं, तरी ते पट्टी उचलतात तेव्हा माझ्या हाताला मोज्याच्या आत घाम सुटतो.

दसरा येतो. पूजा अजून मीच करते, सरांनी ते बदललं नाही. पट्ट्या आदल्या दिवशी प्लास्टिकखाली झाकून ठेवतो आणि कुंकू फक्त टाक्यांना बाहेरून.

मावशी बोलायला लागली, फार दिवस धरून नाही ठेवलं तिने. पाण्यावरून चिडवतेसुद्धा. फक्त एक राहिलं. मी तिला काहीही सांगितलं, ही पट्टी आधी घ्या, ती टाकी आज बंद ठेवा, की ती हातातलं काम थांबवते, हसते आणि विचारते, "सरांनी सांगितलंय, का तू सांगतंस?"

"मी सांगते, मावशी."

मग ती पाणी ओतते. आणि आम्ही दोघी ते खाली उतरेपर्यंत बघत उभ्या राहतो.